संशोधन वाचा, पारखा, आपल्या कोडवर करून बघा: नागपुरातल्या छोट्या सॉफ्टवेअर टीमसाठी

परसोडीच्या आयटी पार्कात, मिहानमध्ये किंवा धरमपेठेतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये चार-सहा जणांची टीम सॉफ्टवेअर बनवत असते, तेव्हा रोज काही ना काही ठरवावं लागतं. टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा कोड, किती लिहायच्या? एकाचा कोड दुसऱ्याने वाचून तपासायचा तो रिव्ह्यू कोणी करायचा? कोड लिहून देणाऱ्या एआय असिस्टंटचे पैसे सगळ्यांसाठी भरायचे का? बहुतेक ठिकाणी हे प्रश्न अनुभवाने मोठ्या माणसाच्या शब्दावर सुटतात. त्या माणसाचा अनुभव खरा असतो, पण तो एका-दोन कंपन्यांतला असतो. यातल्या प्रत्येक प्रश्नावर मोजून-मापून केलेले अभ्यास आहेत आणि त्यातले बरेच फुकट वाचता येतात. ते शोधायचे कसे, पारखायचे कसे आणि आपल्याच रेपॉझिटरीवर (कोड ठेवायच्या जागेवर) करून कसे बघायचे, ते इथे सांगतो. माझं ठाम मत आहे की छोट्या टीमला हे मोठ्या कंपनीपेक्षा सोपं जातं, कारण सगळे एका टेबलाभोवती बसतात आणि सोमवारी ठरलेली गोष्ट मंगळवारी सुरू होते.

समजायला सोपं जावं म्हणून एकच काल्पनिक सॉफ्टवेअर धरून चालू: कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी हिशोबाचं ॲप. संत्र्याची आवक नोंदवायची, लिलावाचा भाव टाकायचा, हमाली-तोलाईचा हिशोब लावायचा, शेतकऱ्याला पट्टी छापून द्यायची, व्यापाऱ्याची उधारी सांभाळायची. आंबिया बहाराच्या दिवसांत सकाळी गर्दीच्या वेळी हे ॲप अडकलं, तर गाळ्यावर माणसं खोळंबतात. म्हणून इथे चूक झाली की ती लगेच कळते, आणि फोनही लगेच येतो.

पायरी १: प्रश्न आपल्या तिकिटांतून काढा

पेपर वाचायला बसण्याआधी गेल्या तीन महिन्यांची बगची तिकिटं (चुकांच्या नोंदी) उघडा. प्रत्येकापुढे कारण एका ओळीत लिहा: हिशोब चुकला, नेटवर्क तुटलं, प्रिंट निघाली नाही, नवीन बदलाने जुनं बिघडलं, ग्राहकाचं म्हणणं नीट समजलं नव्हतं. दोघांनी वेगवेगळं बसून लिहिलं तर उत्तम, मग जिथे जुळत नाही तिथे चर्चा करा. एक दुपार पुरते. जे कारण सगळ्यात जास्त वेळा येतं, तिथे तुमचा प्रश्न आहे.

प्रश्न असा लिहा की त्याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकेल. ‘कोडची क्वालिटी कशी वाढवावी’ यावर काहीच तपासता येत नाही. ‘पेमेंट नोंदवताना नेटवर्क तुटलं की दुबार नोंद होते, या जातकुळीची चूक रिलीजआधी पकडता येते का’ हा तपासण्यासारखा प्रश्न आहे. एका वेळी एकच घ्या.

पायरी २: पेपर शोधा

सुरुवात गुगल स्कॉलरपासून करा. संगणकशास्त्रातले बरेच लेखक आपला पेपर अर्काइव्ह (arXiv) या फुकट वाचायच्या साइटवरही ठेवतात. तिथे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा वेगळा विभाग आहे. या क्षेत्रातल्या मोठ्या परिषदा म्हणजे आयसीएसई, एफएसई आणि एएसई. रेपॉझिटरीतला डेटा खणून केलेले अभ्यास एमएसआर परिषदेत सापडतात. आयसीएसई २०१४ साली हैदराबादला भरली होती, म्हणजे हे जग आपल्यापासून फार लांबचंही नाही.

शोधताना पूर्ण वाक्य टाकू नका. विषयाचे दोन-तीन इंग्रजी शब्द आणि त्यापुढे ‘एम्पिरिकल स्टडी’ एवढं टाका. उपयोगाचा पेपर मिळाला की त्याच्या नावापुढे ‘रेप्लिकेशन’ जोडून पुन्हा शोधा, म्हणजे तोच अभ्यास दुसऱ्या कोणी करून बघितला का ते कळतं. पेपर पैशांच्या भिंतीआड असेल तर लेखकाच्या स्वतःच्या पानावर बघा. तिथेही नसेल तर त्यांना दोन ओळींची सभ्य मेल टाका. आपलं काम कोणी वापरायला मागतंय हे संशोधकांना आवडतंच.

पायरी ३: पाच प्रश्न विचारत वाचा

पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. सारांश वाचा, मग थेट ‘अभ्यास कसा केला’ त्या भागावर जा, मग तक्ते बघा, आणि शेवटी ‘थ्रेट्स टू व्हॅलिडिटी’ हा भाग नक्की वाचा. आपल्या निष्कर्षाची कमजोर बाजू कुठे आहे ते लेखक तिथे स्वतः सांगतात. लोक नेमका तोच भाग सोडतात.

वाचताना वहीत पाच उत्तरं लिहा. अभ्यास कोणावर झाला: विद्यार्थी, नोकरदार प्रोग्रामर की नुसता रेपॉझिटरीतला डेटा? काम कोणतं होतं: दोन तासांचा व्यायाम की खरं उत्पादन? नेमकं काय मोजलं? कशाशी तुलना केली? आणि निकालात लेखकांचा किंवा त्यांच्या कंपनीचा काही फायदा आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून पेपर खोटा ठरत नाही, पण वाचणाऱ्याने सावध व्हायला हवं.

सावधगिरी कशासाठी, ते दोन उदाहरणांवरून सांगतो. २०१४ साली गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचे ७२९ प्रोजेक्ट आणि १७ प्रोग्रामिंग भाषा घेऊन एक अभ्यास आला. काही भाषांत बग जास्त होतात, काहींत कमी, असं त्यात म्हटलं होतं, आणि भाषांच्या भांडणात तो पुष्कळ वर्षं पुरावा म्हणून फिरला. २०१९ साली दुसऱ्या गटाने तेच विश्लेषण पुन्हा करून बघितलं. आधीच्या अभ्यासात ११ भाषांचा बगशी संबंध दिसला होता. डेटातल्या चुका काढून आकडेमोड नीट केल्यावर फक्त चार भाषांचा टिकला, तोही फार थोडा.

दुसरं उदाहरण तर प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकायला मिळतं: चूक जितकी उशिरा सापडेल तितका दुरुस्तीचा खर्च दसपट-शंभरपट होतो. २००६ ते २०१४ या काळातल्या १७१ प्रोजेक्टच्या डेटावर टिम मेन्झीस आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं, तेव्हा उशिरा सापडलेल्या चुका सोडवायला सरसकट जास्त वेळ लागतो असं काही दिसलं नाही. याचा अर्थ चुका उशिरा शोधाव्यात असा नाही. कळमन्यातल्या ऐन लिलावात बंद पडलेलं ॲप महागच पडतं. पण ‘शंभरपट’ हा आकडा ग्राहकाला कोटेशनमध्ये दाखवण्याआधी थांबा.

पायरी ४: चुका हाताळणारा कोड आधी तपासा

कोणत्या संशोधनापासून सुरुवात करावी असं कोणी विचारलं तर मी नेहमी एकच नाव घेतो: टोरांटो विद्यापीठातल्या डिंग युआन आणि सहकाऱ्यांचा २०१४ सालचा, संगणक प्रणालींवरच्या ओएसडीआय परिषदेतला पेपर. त्यांनी कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या डेटा साठवणाऱ्या किंवा त्यावर प्रक्रिया करणाऱ्या पाच प्रणालींमधले, वापरकर्त्यांनी कळवलेले १९८ बिघाड एकेक करून तपासले. त्यातले काही बिघाड असे होते की सगळी यंत्रणाच कोसळली. अशा मोठ्या बिघाडांपैकी ९२ टक्के एकाच प्रकारे झाले होते: आधी एक साधी, निभावून नेण्यासारखी एरर आली, सॉफ्टवेअरने ती ओळखलीही, पण पुढे ती चुकीच्या पद्धतीने हाताळली. ३५ टक्के तर अगदी ढोबळ चुकांमुळे झाले होते. आणखी एक, छोट्या टीमसाठी मोलाची गोष्ट: एकूण बिघाडांपैकी ७७ टक्के युनिट टेस्टमधून (कोडचा एक छोटा भाग वेगळा तपासणाऱ्या टेस्टमधून) पुन्हा घडवून दाखवता येत होते. त्यासाठी मोठी लॅब लागत नव्हती.

वरचे पाच प्रश्न याला लावून बघा. या सगळ्या प्रणाली अनेक सर्व्हरवर पसरलेल्या, मोठ्या. आपलं ॲप तसं नाही. म्हणून ९२ टक्के हा आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होईल असं धरू नका. पण चुकीची जात तीच आहे, आणि तपासायचा खर्च जवळपास शून्य आहे.

संशोधकांनी ॲस्पिरेटर नावाचं छोटं साधन बनवून तीन गोष्टी शोधल्या होत्या. त्याच तुम्ही एडिटरच्या शोधाने शोधू शकता. एक, कॅच ब्लॉक (एरर आली की चालणारा कोड) रिकामा आहे किंवा त्यात फक्त लॉगची ओळ आहे. दोन, कॅच ब्लॉकमध्ये ‘टूडू’ किंवा ‘फिक्समी’ (नंतर करू अशी खूण) लिहून ठेवलंय. तीन, कुठलीही एरर आली तरी सगळ्यात वरच्या पातळीवर पकडून पूर्ण प्रोग्रामच बंद केलाय. अभ्यासलेल्या पाचपैकी रेडिस सोडून बाकी चार प्रणालींमध्ये एवढ्या तपासणीने मिळालेल्या चुका दुरुस्त केल्या असत्या, तर मोठ्या बिघाडांपैकी ३३ टक्के टळले असते.

आता आपलं ॲप. सगळे कॅच ब्लॉक शोधून यादी एका शीटमध्ये टाका. रकाने चार: फाइल, कोणती एरर, आता काय होतं, काय व्हायला हवं. तिसरा रकाना भरताना कोड वाचूनच भरा, आठवणीवरून नको. मग पैशाला हात लावणाऱ्या ओळी वर घ्या.

समजा पेमेंट नोंदवणाऱ्या फंक्शनमध्ये सर्व्हरकडून उत्तर यायला उशीर झाला, टाइमआउट (थांबायची वेळ संपल्याची एरर) पकडला, लॉगमध्ये एक ओळ लिहिली आणि कोड पुढे गेला. पडद्यावर काहीच बदललं नाही. मुनीमजींना वाटलं नोंद झाली नाही, त्यांनी बटण पुन्हा दाबलं. इकडे सर्व्हरवर पहिली नोंद झालेलीच होती, फक्त तिचं उत्तर परत पोचलं नव्हतं. व्यापाऱ्याच्या खात्यात तीच रक्कम दोनदा जमा, आणि संध्याकाळी रोकड जुळत नाही.

याची टेस्ट लिहायला नेटवर्क तोडावं लागत नाही. सर्व्हरशी बोलणाऱ्या भागाच्या जागी एक खोटा भाग द्या. तो पहिल्यांदा बोलावला की नोंद करतो पण उत्तराऐवजी टाइमआउट फेकतो. दुसऱ्यांदा नीट उत्तर देतो. टेस्टमध्ये तेच पेमेंट दोनदा पाठवा आणि खात्यात एकच नोंद आहे का ते तपासा. आजच्या कोडवर ही टेस्ट लाल, म्हणजे नापास, यायला हवी. पहिल्याच झटक्यात हिरवी आली तर खोटा भाग नीट जोडलेला नाही, तो आधी बघा. दुरुस्ती अशी: पेमेंटचा फॉर्म उघडतानाच त्याला एक वेगळा क्रमांक द्या, तो विनंतीसोबत पाठवा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता आधीच्याच नोंदीचं उत्तर द्यावं. डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक बंधन घाला, म्हणजे दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तरी चालेल. शिवाय पडद्यावर ‘नोंद झाली की नाही ते तपासत आहोत’ एवढं तरी दिसू द्या. मे महिन्यात दुपारी वीज जाऊन राउटर बंद पडणं आपल्याकडे नवीन नाही. त्यामुळे ही परिस्थिती अपवाद म्हणून नव्हे, रोजची म्हणून धरा.

पैशाला लागून असलेल्या प्रत्येक कॅच ब्लॉकसाठी अशी एकेक टेस्ट लिहा. सगळ्या कोडचं कव्हरेज (टेस्टखाली येणारा भाग) वाढवण्याच्या मागे लागण्याआधी हे करा; माझ्या मते छोट्या टीमच्या तासांची इतकी चांगली वसुली दुसरीकडे होत नाही.

पायरी ५: एआय असिस्टंटची परीक्षा स्वतः घ्या

एआयने वेळ वाचतो का, हा सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि इथे संशोधन एकमेकांच्या विरुद्ध दिसतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ९५ प्रोग्रामरना जावास्क्रिप्टमध्ये एचटीटीपी सर्व्हर लिहायला दिला. गिटहब कोपायलट हा एआय असिस्टंट वापरणाऱ्यांनी तो ५५.८ टक्के कमी वेळात संपवला. प्रयोग करणाऱ्यांत गिटहब आणि मायक्रोसॉफ्टचे संशोधक होते. मग जुलै २०२५ मध्ये एआयची क्षमता मोजणाऱ्या मेटर (METR) या संस्थेचा अभ्यास आला. त्यात १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांच्याच ओळखीच्या रेपॉझिटरीतली २४६ खरी कामं, आणि कोणत्या कामात एआय वापरायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला.

दोन्ही आकडे खरे असू शकतात. पहिल्यात काम नवं, कोरं आणि सर्वांना सारखं होतं. दुसऱ्यात कोड जुना आणि मोठा होता, आणि काम करणाऱ्याला त्याची खडान्‌खडा माहिती होती. अशा माणसाला असिस्टंटला सगळं समजावून सांगून त्याने दिलेलं तपासण्यापेक्षा स्वतः लिहिणं लवकर होऊ शकतं. यांच्यामध्ये तिसरा, बराच मोठा अभ्यास आहे: मायक्रोसॉफ्ट, ॲक्सेंचर आणि आणखी एका मोठ्या कंपनीतल्या ४,८६७ डेव्हलपरवरचे तीन प्रयोग. त्यात पूर्ण झालेल्या कामांची संख्या सुमारे २६ टक्क्यांनी वाढली, आणि कमी अनुभवाच्या लोकांना फायदा जास्त झाला. साधनंही झपाट्याने बदलताहेत, त्यामुळे २०२३ चा किंवा २०२५ चा आकडा आजच्या तुमच्या टीमला तसाच लावणं बरोबर होणार नाही. या अभ्यासांकडून आकडा घेऊ नका, पद्धत घ्या.

मेटरच्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट १९ टक्के ही नाहीच. त्या डेव्हलपरना आधी विचारलं होतं, तेव्हा वेळ २४ टक्के वाचेल असा त्यांचा अंदाज होता. सगळं झाल्यावर विचारलं, तेव्हाही २० टक्के वाचला असं त्यांना वाटत होतं. म्हणजे अनुभवी माणसालाही आपण जलद झालो की हळू, हे नुसत्या जाणिवेवरून कळलं नाही. म्हणून टीमला ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारून सबस्क्रिप्शनचा निर्णय घेऊ नका. घड्याळ लावा.

प्रयोग असा करा.

बॅकलॉगमधली, म्हणजे पुढे करायच्या यादीतली, कामं एका दिवसाच्या आत संपतील इतकी बारीक करा. प्रत्येक कामावर ते करणाऱ्याने दोन अंदाज लिहायचे: एआयसह किती तास, एआयशिवाय किती. अंदाज लिहून झाल्यावरच नाणं उडवायचं, आणि ते दुसऱ्या कोणी. छापा आला तर एआय चालेल, काटा आला तर नाही. निकाल आवडला नाही म्हणून पुन्हा उडवायचं नाही आणि काम बदलायचं नाही. तसं केलं की सोपी कामं आपोआप एका बाजूला गोळा होतात आणि तुलना बाद होते. ‘एआय नाही’ म्हणजे चॅट नाही, एजंट नाही, एडिटरमधली आपोआप भरणारी सूचनाही नाही. हे आधीच लिहून भिंतीवर लावा, नाहीतर तिसऱ्या दिवशी वाद होतो.

शीटमध्ये सुरुवातीची वेळ, मर्ज रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) टाकल्याची वेळ, मर्ज झाल्याची वेळ, रिव्ह्यूच्या किती फेऱ्या झाल्या, आणि पुढच्या १४ दिवसांत त्याच कामावर बग उघडला का, एवढं भरा. शेवटचे दोन रकाने फार महत्त्वाचे आहेत. कोड पटकन लिहून झाला पण रिव्ह्यू करणाऱ्याचा वेळ दुप्पट गेला किंवा पुढे बग निघाला, तर टीमचं काही वाचलेलं नाही. सॉफ्टवेअर टीम कशा काम करतात ते अभ्यासणाऱ्या गुगलच्या डोरा गटाच्या २०२४ च्या अहवालातही हाच सूर होता: एआयचा वापर २५ टक्क्यांनी वाढतो तिथे सॉफ्टवेअर पोचवण्याची स्थिरता (नवा बदल न बिघडता चालणं) अंदाजे ७.२ टक्क्यांनी घसरलेली दिसली. हे सर्वेक्षण आहे, प्रयोग नव्हे, त्यामुळे कारण एआयच असं त्यावरून ठरत नाही. तरी बगचा रकाना ठेवायला एवढं कारण पुरे.

निदान ३०-४० कामं झाल्याशिवाय तुलना करू नका. सरासरीऐवजी मध्यक घ्या, म्हणजे कामं वेळेनुसार क्रमाने लावून मधलं; एखादं दोन दिवस अडकलेलं काम सरासरी पार बिघडवतं. एवढ्या थोड्या कामांत फक्त मोठा फरक दिसेल. दोन मध्यक जवळजवळ असतील तर ‘फरक सापडला नाही’ असं लिहा, टक्के काढत बसू नका. मग कामांचे प्रकार वेगळे करून बघा: नवीन रिपोर्टची स्क्रीन, जुन्या हिशोबाच्या कोडमधला बदल, टेस्ट लिहिणं. इथे आकडे आणखी लहान होतात, म्हणून याला निष्कर्ष न म्हणता पुढच्या प्रयोगाचा प्रश्न म्हणा. शेवटी लोकांचे अंदाज आणि घड्याळाची वेळ शेजारी-शेजारी ठेवा. टीमने एकत्र बसून बघावा असा हा तक्ता असतो.

प्रयोग चालू असताना तीन नियम पाळायलाच हवेत. शेतकऱ्यांची-व्यापाऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, खाते क्रमांक असिस्टंटला देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि तो नसता तरी तो डेटा आपला नाही. असिस्टंटने सुचवलेलं पॅकेज (दुसऱ्या कोणी लिहिलेला तयार कोड) इन्स्टॉल करण्याआधी ते खरंच आहे का, कोणी बनवलंय, किती जुनं आहे ते बघा. १६ मॉडेलांकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने लिहून घेतलेल्या एका अभ्यासात अस्तित्वातच नसलेली पॅकेजं सुचवण्याचं प्रमाण व्यावसायिक मॉडेलांत निदान ५.२ टक्के आणि खुल्या मॉडेलांत २१.७ टक्के आढळलं. अशा खोट्या नावाने कोणी घातक पॅकेज आधीच चढवून ठेवलं तर आपण ते स्वतःच्या हाताने घरात घेतो. तिसरा नियम सुरक्षिततेचा: लॉगिन, परवानग्या आणि पैशांचा कोड एआयने लिहिला असेल तर दुसऱ्या माणसाने ओळन्‌ओळ वाचल्याशिवाय तो मर्ज होणार नाही. स्टॅनफर्डच्या एका प्रयोगात असिस्टंट वापरणाऱ्यांचा कोड कमी सुरक्षित निघाला, आणि तो सुरक्षित आहे असं त्यांनाच जास्त वाटत होतं.

पायरी ६: रिव्ह्यू लहान, टेस्ट भरवशाच्या

यावर थोडक्यात. गुगलच्या रिव्ह्यू पद्धतीवर २०१८ साली आलेल्या अभ्यासात ९० लाख बदल पाहिले होते. मधल्या आकाराचा बदल फक्त २४ ओळींचा होता, ७५ टक्क्यांहून जास्त बदलांना एकच रिव्ह्यूअर होता, आणि रिव्ह्यू पूर्ण व्हायचा मध्यक चार तासांच्या आत होता. तुमच्याकडे गुगलची साधनं नाहीत, पण बदल लहान ठेवायला साधनं लागत नाहीत. गेल्या महिन्यातल्या मर्ज रिक्वेस्ट काढा, ओळी आणि थांबलेले तास शेजारी लिहा. मोठ्या बदलांना जास्त वाट बघावी लागलेली दिसली तर पुढचा महिना प्रत्येक बदल २०० ओळींच्या आत ठेवून बघा. २०० हा आकडा माझा आहे, संशोधनाचा नाही. तुमच्या कोडला जो जमेल तो घ्या.

रिव्ह्यूमधून बग सापडावेत अशी अपेक्षा ठेवून लोक निराश होतात. मायक्रोसॉफ्टमधल्या २०१३ च्या अभ्यासात हेच दिसलं: सगळ्यांना बग पकडायचे होते, पण प्रत्यक्षात रिव्ह्यूतून कोड कळणं, माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जाणं आणि चांगला पर्याय सुचणं हे जास्त मिळत होतं. चार जणांच्या टीममध्ये एकाने दुसरी नोकरी धरली तर पाव ज्ञान जातं. त्यामुळे रिव्ह्यू फक्त सीनिअरने न करता आळीपाळीने करा, हिशोबाचा कोड ज्याने कधी पाहिला नाही त्यालाही द्या.

कधी हिरव्या, कधी लाल येणाऱ्या टेस्ट हा दुसरा जुना त्रास. गुगलने २०१६ साली सांगितलं होतं की त्यांच्याही जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये हा दोष थोडाफार आहे. ५१ ओपन सोर्स प्रोजेक्टमधल्या अशा दुरुस्त्यांचा २०१४ चा अभ्यास सांगतो की सगळ्यात मोठं कारण, सुमारे ४५ टक्के, उत्तर येण्याची नीट वाट न बघणं हे आहे. म्हणून टेस्टमध्ये ठरावीक सेकंद झोपवणाऱ्या ओळी शोधा आणि त्या जागी ‘अमुक गोष्ट झाली की पुढे जा’ असं लिहा. झाल्यावर तीच टेस्ट ५० वेळा चालवून बघा.

टेस्ट आधी लिहावी की नंतर, यावर वाद घालणाऱ्यांसाठी एक निकाल हाताशी ठेवा. ३९ नोकरदार प्रोग्रामरांच्या कामावरून दाविदे फुची आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फायदा क्रमातून फारसा येत नाही. लहान-लहान, एकसारख्या टप्प्यांनी काम करण्यातून येतो. टीमला जो क्रम रुचतो तो घ्या, टप्पे मात्र लहान ठेवा.

पायरी ७: एक पान लिहा, आणि कॉलेजला सोबत घ्या

प्रत्येक प्रयोगाचं एक पान रेपॉझिटरीतच ठेवा: प्रश्न काय होता, कोणता पेपर वाचला, काय मोजायचं ठरवलं होतं, काय मिळालं, काय बदललं. मोजायचं काय ते प्रयोगाआधी लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर आकडे बघून सोयीची गोष्ट रचली जाते. व्यक्तीचं नाव कुठल्याही तक्त्यात टाकू नका आणि पगारवाढीशी हे आकडे जोडू नका. एकदा जोडले की तासांची खरी नोंद पुन्हा कधी मिळणार नाही. आंबिया बहाराच्या ऐन गर्दीत प्रयोग सुरू करू नका. पावसाळ्यातले शांत आठवडे बरे.

मोजायला हात कमी पडतात, तिथे नागपूरची एक मोठी सोय आहे. व्हीएनआयटी, वारंग्याची आयआयआयटी, हिंगणा रोड आणि काटोल रोडवरची इंजिनिअरिंग कॉलेजं, सगळीकडे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट हवे असतात. त्यातले किती तरी जण पुन्हा एकदा अटेंडन्स सिस्टिम बनवतात, कारण त्यांच्यापुढे खरा प्रश्नच कोणी ठेवत नाही. त्यांना तुमचा प्रश्न द्या. जुनी तिकिटं कारणांनुसार लावणं, कॅच ब्लॉकची यादी करणं, भरवशाच्या नसलेल्या टेस्ट रात्रभर चालवून मोजणं ही कामं दोन विद्यार्थी एका सत्रात नीट करू शकतात, आणि एखादा प्रकाशित अभ्यास मराठी मुलखातल्या छोट्या कोडवर पुन्हा तपासला जातो. मार्गदर्शक सरांशी किंवा मॅडमशी विषय ठरण्याआधी, म्हणजे सत्राच्या सुरुवातीलाच बोला. ग्राहकाची लेखी परवानगी घ्या. रेपॉझिटरीची प्रत देण्याआधी त्यातला खरा डेटा आणि पासवर्ड काढा, आणि फक्त आजच्या फाइल बघून थांबू नका: एकदा कमिट झालेला पासवर्ड गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) जुन्या इतिहासात तसाच राहतो. तो बदलून टाका, आणि मगच प्रत द्या.